बनरॅटी : दगड पंधराव्या शतकाचा, थाट विसाव्या शतकाचा

आयर्लंडच्या पश्चिमेला, लिमरिक शहराकडून शॅनन विमानतळाकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागूनच बनरॅटीचा किल्ला उभा आहे, आणि या सोयीच्या जागेमुळेच तो बहुतेकांकडून घाईघाईने पाहिला जातो. माझी पहिली भेट अशीच झाली. एका सहल-कंपनीने आम्हाला तेथे सव्वा तास दिला होता. त्यातला बराचसा वेळ प्रसाधनगृहाच्या रांगेत आणि चहात गेला, आणि एका जिन्याने वर चढून दुसऱ्याने खाली उतरल्यापलीकडे किल्ल्यातले काहीही माझ्या लक्षात राहिले नाही. पुढल्या वर्षी आई पुण्याहून आली तेव्हा तिला घेऊन मी पुन्हा गेलो. सकाळी दरवाजे उघडण्याच्या सुमारास आम्ही पोहोचलो आणि रात्रीची मेजवानी आटोपूनच निघालो. हे परीक्षण त्या दुसऱ्या भेटीवर आधारलेले आहे.

‘किल्ला’ हा शब्द ऐकला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तट, माची आणि बालेकिल्ला उभा राहतो, आणि ती अपेक्षा घेऊन गेलेल्याची बनरॅटीत थोडी फसगत होते. आयर्लंडमध्ये ज्याला ‘टॉवर हाऊस’ म्हणतात तो प्रकार म्हणजे एखाद्या सरदाराचे राहते घरच असते. फक्त ते चौकाभोवती पसरलेले नसते, तर मजल्यावर मजला चढवून उभे केलेले असते. आईने पुलापाशीच मान वर करून पाहिले आणि ‘ही तर गढी आहे,’ असे म्हणून ती मोकळी झाली. मला तेव्हापासून याहून नेमका शब्द सापडलेला नाही. साधारण १४०० ते १६५० या अडीचशे वर्षांत आयर्लंडभर अशी हजारो घरे बांधली गेली. त्यांची सर्वांत दाट वस्ती लिमरिक, टिपरेरी, क्लेअर, गॉलवे आणि कॉर्क या भागांत आहे. डब्लिनच्या आसपासच्या इंग्रज अमलाखालील चार काउंट्यांत तर १४२९ मध्ये सरकारने असे घर बांधणाऱ्याला दहा पौंडांचे अनुदानच जाहीर केले होते. त्यासाठी अट एवढीच होती, की वास्तू किमान वीस फूट लांब, सोळा फूट रुंद आणि चाळीस फूट उंच असावी. बनरॅटीला हे अनुदान लागू नव्हते, कारण येथे राज्य इंग्रजांचे नव्हे तर गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, घराण्यांचे होते. मात्र शत्रूने रुळवलेली घराची ही पद्धत मॅकनमारा घराण्याने उचलली आणि अनुदानाच्या मापांना लाजवील एवढ्या आकारात उभी केली.

आज दिसतो तो किल्ला या जागेवरचा पहिला नव्हे, आणि माझ्या मते येथल्या इतिहासातला सर्वांत रंगतदार भाग हाच आहे. ‘बन राइटे’ या आयरिश नावाचा अर्थ राइटे नदीचे मुख असा होतो. ही नदी येथून थोड्याच अंतरावर शॅननच्या खाडीला मिळते, आणि भरतीचे पाणी किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत चढते. ज्याच्या हातात हे नाके, त्याच्या हातात लिमरिककडे जाणारा जलमार्ग, असा साधा हिशेब होता. म्हणूनच १२५० च्या सुमारास रॉबर्ट द मुसग्रो या नॉर्मन सरदाराने या परिसरात माती आणि लाकूड वापरून पहिले ठाणे बसवले. १२७० च्या दशकात थॉमस द क्लेअरने दगडी किल्ला बांधला आणि त्याच्या आसऱ्याने एक लहानसे नगरही वसले. १३१८ च्या मे महिन्यात डिसर्ट ओडे येथील लढाईत थॉमसचा मुलगा रिचर्ड द क्लेअर मारला गेला. त्याच्या विधवेने किल्ला आणि गाव दोन्ही पेटवून देऊन तेथून पळ काढला, असे सांगतात. १३५३ मध्ये सर थॉमस रोकबीने तिसऱ्यांदा किल्ला उभारला, तोही स्थानिक घराण्यांनी अल्पावधीतच हिसकावून घेतला. एकाच जागी शंभर वर्षांत तीन किल्ले होऊन गेले आणि तिन्ही नाहीसे झाले. चौथा, म्हणजे आजचा किल्ला, मॅकनमारांनी १४२५ च्या सुमारास बांधायला घेतला आणि पुढच्या पिढीने पुरा केला. याच घराण्याने जवळच क्विन येथील मठाला आश्रय दिला आणि नॅपोगचा किल्लाही बांधला, त्यामुळे त्यांच्या हाती पैसा आणि कसबी गवंडी या दोहोंची वाण नव्हती, हे दिसतेच.

सामान्य टॉवर हाऊस म्हणजे एक साधा आयताकृती मनोरा असतो. बनरॅटीत मधल्या मोठ्या आयताच्या चारही कोपऱ्यांवर एकेक बुरूज आहे आणि उत्तर व दक्षिण या अंगांना कोपऱ्यांचे दोन बुरूज वरच्या बाजूस रुंद कमानीने जोडलेले आहेत. समोरून पाहताना या कमानीमुळे संपूर्ण इमारतच एका अवाढव्य दरवाजासारखी भासते. प्रवेश उत्तरेकडून, काढत्या पुलावरून आणि जमिनीपासून वर आहे. दारातून आत शिरणाऱ्याच्या डोक्यावर छतातच भोके ठेवलेली आहेत, आणि त्यांतून घुसखोरांवर काय काय टाकले जात असे याचे वर्णन लहान मुले फार आवडीने ऐकतात.

आतले पहिले दालन हे पहारेकऱ्यांचे आणि साध्या चाकरीच्या लोकांचे. आपल्या भाषेत त्याला देवडी म्हणता येईल, फक्त ही देवडी एखाद्या मंगल कार्यालयाएवढी आहे. वर दगडी घुमट-कमानीचे छत आहे. आयर्लंडमधील अशा छतांचे एक वैशिष्ट्य मला या भेटीआधी वाचून ठाऊक होते आणि ते इतरत्र अनेक पडीक मनोऱ्यांत मी पाहिलेही आहे : कमान रचताना खाली आधाराला वाळुंजासारख्या लवचिक काटक्यांची विणलेली चटई ताणत, तिच्यावर चुन्याचा थर देऊन दगड बसवत, आणि चुना वाळल्यावर चटई निघून गेली तरी तिच्या विणीचा ठसा छतावर कायमचा उमटून राही. पाचशे वर्षांपूर्वी कोणा बुरुडाने केलेले काम असे दगडात टिकून राहते, ही गोष्ट मला कोणत्याही सरदाराच्या पराक्रमापेक्षा अधिक जवळची वाटते. टॉवर हाऊस पाहायला गेल्यावर प्रत्येकाने एकदा तरी मान वर करून छत निरखावे.

या दालनाच्या वर मोठा दिवाणखाना आहे. पंगती, न्यायनिवाडा, पाहुण्यांची ऊठबस हे सारे येथे होई. त्याच्या भव्यतेने माणूस गप्प होतो हे खरे असले, तरी येथेच मला वाचकांना सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगावयाची आहे. डोक्यावरचे लाकडी छत मध्ययुगीन नाही. मूळ छत १९व्या शतकाच्या अखेरीस कोसळले. आज दिसणारे छत विसाव्या शतकातील जीर्णोद्धाराच्या वेळी, डब्लिनजवळील डन्सॉक्ली किल्ल्यात शाबूत राहिलेल्या मूळ ओकच्या छताचा नमुना समोर ठेवून घडवले गेले. भिंतींवरची चित्रजवनिका, कोरीव कपाटे, मेजे, पेटारे यांतील बहुतेक वस्तू १५व्या आणि १६व्या शतकांतल्या, म्हणजे अस्सल आहेत. पण त्या मॅकनमारांच्या किंवा त्यांच्यानंतर आलेल्या ओब्रायनांच्या घरातल्या नव्हेत. १९५० च्या दशकात सातवे व्हायकाउंट गॉर्ट यांनी हा पडका किल्ला विकत घेतला, सरकारच्या बांधकाम खात्याच्या आणि पर्यटन मंडळाच्या मदतीने तो दुरुस्त करवला आणि मध्ययुगीन कलावस्तूंचे जाणकार जॉन हंट यांच्या साहाय्याने युरोपभरातून हे सामान जमवले. लिमरिकमधील हंट संग्रहालय ज्यांच्या नावाने आहे, तेच हे हंट. १९६० मध्ये किल्ला लोकांसाठी खुला झाला.

यात फसवणूक आहे असे मी म्हणणार नाही. रिकाम्या, गळक्या दालनांतून फिरताना तेथे माणसे राहत होती हे डोळ्यांसमोर आणण्यासाठी बरीच कल्पनाशक्ती लागते, आणि बनरॅटीने ते कष्ट वाचवले आहेत. मात्र पाहणाऱ्याने एक भेद मनाशी धरून चालावे : भिंत, कमान, जिना, खिडकी ही कागदपत्रे आहेत आणि लाकूडसामान हे त्यांवर एका रसिक संग्राहकाने केलेले भाष्य आहे. भाष्य उत्तम आहे, पण ते एका माणसाच्या आवडीचे आहे. त्याने खोल्या जितक्या भरल्या तितक्या त्या मूळच्या काळी भरलेल्या असतील का, याची मला शंका वाटते. त्या काळचे सरदार आपले मौल्यवान सामान बरोबर घेऊन एका घरून दुसऱ्या घरी फिरत असत, आणि त्यांच्या पाठीमागे राहिलेले घर बरेचसे ओकेबोकेच दिसत असणार.

दिवाणखान्यातल्या दोन गोष्टी चुकवू नयेत. एक म्हणजे भिंतीवर टांगलेली आयरिश महामृगाची शिंगे. हा प्राणी आयर्लंडमधून दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच नामशेष झाला. दलदलीत पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची जळणाची माती, खणताना त्याची शिंगे सापडत आणि सरदार ती आपल्याच शिकारीची असल्याच्या थाटात भिंतीवर लावत. दुसरी म्हणजे खिडकीपाशी बसवलेली ‘शीला-ना-गिग’ ही छोटी दगडी स्त्रीमूर्ती. तिच्या उघड्या, बेधडक बैठकीकडे पाहून कित्येक पर्यटक ओशाळून पुढे सरकतात. आमच्याकडे लज्जागौरी पाहिलेल्या माणसाला ओशाळण्याचे काही कारण नाही. आई तर तिच्यापुढे बराच वेळ उभी होती. या दोन मूर्तींचा एकमेकींशी संबंध आहे असे मात्र कोणी समजू नये. सुफलतेचे प्रतीक, अरिष्ट टाळणारी मूर्ती की पापाविषयी दिलेला इशारा, याबद्दल आयरिश मूर्तीच्या अभ्यासकांतच एकमत नाही.

कोपऱ्यांतले चक्राकार जिने हीच येथली खरी परीक्षा. ते इतके अरुंद आहेत की समोरून कोणी आले तर एकाला मागे परतावेच लागते, आणि आधाराला दोर धरून चढावे लागते. आईचे गुडघे पहिल्या मजल्यानंतरच कुरकुरू लागले. ती दिवाणखान्यात थांबली आणि मी एकटा वर गेलो. ज्यांना चढ-उतार झेपत नाही त्यांनी हे आधीच गृहीत धरावे, कारण पाचशे-सहाशे वर्षांच्या भिंतींत उद्वाहन बसवता येत नाही. अशा जिन्यांपाशी सर्वत्र एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते : वरून लढणाऱ्या उजव्या हाताच्या माणसाला तलवार फिरवता यावी म्हणून जिना अमुक बाजूला वळवलेला असतो. गोष्ट सुरस आहे, पण अलीकडच्या अभ्यासकांचा तिच्यावर फारसा विश्वास नाही. शत्रू जिन्यापर्यंत पोहोचला म्हणजे लढाई जवळजवळ संपलेलीच असे. जिना अरुंद ठेवण्यामागे जागेची आणि दगडाची काटकसर हे रुक्ष कारण मला अधिक पटते.

वरच्या खोल्या मालकाच्या खाजगीतल्या आहेत : शेजघर, पाहुण्यांची दालने, लहानसे प्रार्थनागृह. येथे मॅकनमारांचा काळ मागे पडून ओब्रायनांचा सुरू होतो. १५०० च्या सुमारास किल्ला त्यांच्याकडे आला. १०१४ मध्ये क्लॉन्टार्फच्या लढाईत पडलेल्या ब्रायन बोरू या राजाचे हे वंशज. १५४३ मध्ये त्यांच्यातल्या मरोने आठव्या हेन्रीपुढे आपली गेलिक राजपदवी ठेवून दिली आणि त्या बदल्यात थॉमंडचा अर्ल हा इंग्रजी किताब घेतला. आपल्याकडे वतनासाठी बादशाही फर्मान स्वीकारणारी घराणी ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. चौथा अर्ल डोनोह याच्या वेळी या व्यवहाराचे फळ पूर्ण पिकले. तो इंग्रजी दरबारात वाढला, १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत आपल्याच देशबांधवांविरुद्ध इंग्रजांच्या बाजूने लढला, आणि १६२४ मध्ये मरेपर्यंत त्याने बनरॅटीचा डौल वाढवला. छपराला शिसे चढवले, गिलाव्यात नक्षीकाम करवून घेतले. प्रार्थनागृहाच्या छतावरचे नाजूक काम पाहताना लक्षात येते, की लढाऊ गढीचा येथे हळूहळू वाडा होऊ लागला होता. जंग्यांच्या जागी मोठ्या खिडक्या येणे, ही त्याचीच खूण.

आणि नेमक्या त्याच वेळी युद्ध दारात आले. १६४६ मध्ये सहावा अर्ल बार्नबस याने इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढणाऱ्या पार्लमेंटच्या फौजेला किल्ल्यात घेतले. खाडीतून त्यांना रसद पुरवणाऱ्या आरमाराचा प्रमुख विल्यम पेन होता, आणि त्याच्याच मुलाच्या नावाशी पुढे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया जोडले गेले. आयरिश कॅथलिक संघाच्या फौजेने लॉर्ड मस्करीच्या नेतृत्वाखाली वेढा घातला, आणि जुलैमध्ये किल्ला पडला. पोपचे प्रतिनिधी रिनुचिनी तेव्हा आयर्लंडमध्ये होते. त्यांच्या गोटातून लिहिल्या गेलेल्या पत्रांत बनरॅटीची तोंड भरून स्तुती आहे : असे तलाव, असा बाग आणि तीन हजार हरणांचे असे रान इटलीतही नाही. किल्ल्याच्या गच्चीवर उभे राहून हे वर्णन आठवले म्हणजे मोठी गंमत वाटते, कारण आज खाली दिसतो तो महामार्ग, हॉटेलांची छपरे आणि ओहोटीत उघडा पडलेला नदीचा चिखल.

त्यानंतरचा इतिहास उताराचा आहे आणि तो थोडक्यात सांगता येतो. १८व्या शतकाच्या पूर्वार्धात किल्ला स्टडर्ट घराण्याकडे गेला. त्यांनी काही पिढ्या त्यात काढल्या आणि १८०४ मध्ये शेजारी बांधलेल्या सुटसुटीत, उजेडाच्या घरात बिऱ्हाड हलवले. थंडगार दगडी मनोरा सोडून जाणाऱ्यांना मी दोष देऊ शकत नाही. पुढे काही काळ येथे पोलिसांचे ठाणे होते, नंतर केवळ कावळे.

किल्ल्याभोवतीचे लोकजीवन-उद्यान त्याच तिकिटात पाहता येते. गवताने शाकारलेली शेतघरे, लोहाराचा भाता, शाळा, एक गावरस्ता असे सारे तेथे मांडलेले आहे. यातले एक शेतघर विमानतळाची धावपट्टी वाढवताना आड येत होते, म्हणून ते उचलून येथे आणले गेले आणि त्यातूनच या उद्यानाची सुरुवात झाली. चुलीत जळणाऱ्या पीटचा वास आईला शेणीच्या धुराच्या जवळचा वाटला, आणि किल्ल्यापेक्षा ती येथेच अधिक रमली. कोंबड्या आणि बकऱ्या असल्यामुळे मुलांनाही वेळ कमी पडतो.

संध्याकाळची मेजवानी हा वेगळ्या तिकिटाचा आणि वेगळ्या मूल्यमापनाचा विषय आहे. ती १९६३ पासून चालू आहे आणि तिच्या जन्माचे कारण समजून घेतले तर तिच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अटलांटिक ओलांडणारी विमाने पूर्वी इंधनासाठी शॅननला उतरत. म्हणूनच १९४७ मध्ये जगातले पहिले करमुक्त दुकान याच विमानतळावर निघाले. पुढे लांब पल्ल्याची जेट विमाने आली आणि शॅननवरून न थांबताच पुढे जाऊ लागली. प्रवाशाने एक रात्र तरी या भागात मुक्काम करावा यासाठी जे अनेक उपाय शोधले गेले, त्यांतला एक म्हणजे ही मेजवानी. तिला मध्ययुगाचा अस्सल नमुना समजणाऱ्याची निराशा होईल. एका गरजू प्रदेशाने रोजगारासाठी रचलेला आणि साठ वर्षे जिवंत ठेवलेला खेळ म्हणून पाहिले, तर ती मनापासून आवडते.

स्वागताला मधापासून केलेली मीड नावाची दारू मिळते. ती गोड आणि अंगात हळूच चढणारी आहे. न घेणाऱ्यांना दुसरे पेय मिळते. लांबलचक बाकांवर सर्वांना एकत्र बसवतात, काटा-चमचा देत नाहीत, एका सुरीवर आणि बोटांवर काम भागवायचे असते. हाताने जेवण्याच्या कल्पनेनेच शेजारच्या बाकावरची मंडळी खिदळत होती. आई मात्र कोणत्याही प्रस्तावनेवाचून जेवू लागली, आणि त्या रात्री त्या सबंध दालनात सर्वांत सराईत जेवणारी तीच होती. सूप वाडग्यातूनच प्यायचे, मग बरगड्यांचे मांस आणि कोंबडी. शाकाहारी ताट हवे असल्यास आरक्षण करतानाच सांगावे. जेवण ठीक आहे, त्यासाठी कोणी समुद्र ओलांडून यावे असे नाही. पण वाढणारेच गाणारे असतात, आणि हातातले ताट ठेवून ते दिवाणखान्याच्या टोकाला उभे राहून वाद्यांच्या फारशा आधाराविना चार-पाच आवाजांत गाऊ लागले, तेव्हा दगडी भिंतींनी ते सूर ज्या तऱ्हेने परत दिले ते ऐकण्यासाठी मी पुन्हा पैसे मोजायला तयार आहे. सूत्रधाराचे विनोद मात्र लांबतात, आणि इंग्रजी फारसे न कळणाऱ्या ज्येष्ठांना तो भाग कंटाळवाणा होतो.

नियोजनाच्या दोन गोष्टी. मेजवानीच्या तयारीसाठी किल्ला उद्यानाच्या आधीच बंद होतो, त्यामुळे दुपारी ‘आधी उद्यान, मग किल्ला’ असा बेत करू नये. सकाळी आल्या आल्या थेट सर्वांत वर गच्चीवर जावे आणि एकेक मजला पाहत खाली उतरावे. सहलींच्या बसगाड्या येऊन जिने तुंबेपर्यंत आपण देवडीत पोहोचलेलो असतो. लिमरिकहून विमानतळाकडे जाणारी बस दारातच थांबते, म्हणून गाडी भाड्याने घेण्याची आवश्यकता नाही. मात्र रात्रीच्या दुसऱ्या पंगतीला बसणार असाल तर परतीच्या बसची वेळ आधी पाहून ठेवावी. आम्ही पाहिली नव्हती, आणि टॅक्सीची वाट पाहत पुलावर उभे असताना भरतीचे पाणी काळोखात भिंतीपर्यंत चढत आलेले तेवढे मला दिसले.